ट्रेनर विमानातून बाहेर पडायची तयारी

फ्लाइंग स्कूलला आलेलं नवीन पोर आधी हेडसेट आणि गॉगल घेतं. विमान शेतात उतरवावं लागलं तर आतून बाहेर कसं पडायचं, हे फारसं कुणी विचारत नाही. जुलै 2022 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत सोलोवर, म्हणजे एकट्याने उडवत असलेल्या शिकाऊ वैमानिकाचं सेसना 152 हे ट्रेनर विमान शेतात कोसळलं, जीव वाचला. पण नांगरलेल्या, भिजलेल्या रानात पुढचं चाक रुतलं की विमान उलटू शकतं, आणि मग आत तुम्ही बेल्टला लटकलेले असता.

सगळ्यात कामाचं साधन फुकट मिळतं: दाराचं हँडल. सेसना 172 च्या फोर्स्ड लँडिंगच्या चेकलिस्टमध्ये टेकण्याआधी दारं अनलॅच करा, म्हणजे कडी सोडून ठेवा, असं लिहिलेलंच आहे, कारण आपटल्यावर सांगाडा पिळवटतो आणि बंद दार चौकटीत अडकून बसतं. ही ओळ सगळ्यांना तोंडपाठ असते. सराव करताना हात मात्र दाराकडे जात नाही. इंजिन बंद असताना, विमान उभं असताना, डोळे मिटून हँडल शोधायची सवय लावा. पायपर पीए-28 ला तर दार एकच, तेही उजवीकडे, आणि कड्या दोन: एक बाजूला, एक वर छताशी. डाव्या सीटवरून ती वरची कडी एकदा चाचपून बघाच.

आता हातोडी. गाडीसाठी मिळणारा स्प्रिंगचा ग्लास ब्रेकर घेऊन बरेच जण निर्धास्त होतात. गाडीची बाजूची काच टफन केलेली असते, आतला ताण एका टोचणीने सुटतो आणि तिचा चुरा होतो. विमानाची खिडकी पारदर्शक प्लास्टिकची, म्हणजे अ‍ॅक्रिलिकची. हँगरमधल्या इंजिनिअरकडून टाकाऊ खिडकीचा तुकडा मागून मी त्यावर असला ब्रेकर दाबून पाहिला: टक् असा आवाज, सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका, बस्स. अ‍ॅक्रिलिकला वजनदार हातोडी लागते. कोपऱ्याजवळ घाव घालायचे, एकावर एक, आणि तडे गेले की लाथेने तुकडा बाहेर. सिरस विमानांमध्ये यासाठीच मधल्या आर्मरेस्टमध्ये हातोडी दिलेली असते. डायमंड डीए40 ची कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरचं पारदर्शक झाकण, पुढच्या बाजूला उघडते, म्हणजे उलटल्यावर ती जमिनीशीच अडणार. मागचं दार डाव्या बाजूला आहे, ते आधी पक्कं ध्यानात ठेवा.

बेल्ट कटर आकड्यासारखा, आतल्या बाजूला पातं असलेला घ्या. उघडा चाकू त्या घाईत तुमचीच मांडी कापेल. आणि तो फ्लाइट बॅगेत ठेवू नका, बॅग मागच्या सीटवर असते. बेल्ट आवळलेला असताना जिथे दोन्हींपैकी कुठलाही हात पोचतो तिथेच त्याची जागा.

उलटं लटकलेले असाल तर बकल सोडण्याआधी एक हात छताला घट्ट टेकवा, नाहीतर सगळं वजन मानेवर येतं. त्याआधी हेडसेट काढून फेका, वायर गळ्यात अडकते. प्रोपेलर थांबलाय ना ते बघा आणि मागच्या बाजूने दूर व्हा. गावकरी धावत येतीलच. पेट्रोलचा वास येत असताना कुणी बिडी पेटवू नये, हे ओरडून सांगा.

सुट्टीत प्रवासी विमानाने घरी जाताना कटर आणि हातोडी चेक-इन बॅगेत टाका, नाहीतर सिक्युरिटीला ठेवून जावी लागतील.