सूट किती ते नंतर, मूळ किंमत किती ते आधी

कमोडिटी करारांवर, म्हणजे तेल-कॉफीसारख्या मालाबाबत देशादेशांत होणाऱ्या करारांवर काम करायचं म्हणताय, म्हणजे कोटा (कुणी किती काढायचं किंवा विकायचं), बफर स्टॉक (भाव सावरायला ठेवलेला साठा) वगैरे तुम्हाला ठाऊक असणार. ते सोडते. मी जिथे तोंडावर आपटले तेवढंच सांगते.

डेक्कनवरच्या एका छोट्या रिसर्च कंपनीत माझं पहिलंच प्रेझेंटेशन. विषय, एप्रिल २०२० मध्ये ओपेक प्लसने (तेल निर्यातदार देशांची संघटना ओपेक आणि रशियासारखे तिचे साथीदार) ठरवलेली तेल उत्पादनातली कपात: रोज ९७ लाख बॅरल. सौदीच्या वाट्याला त्यातले सुमारे २५ लाख. सौदी तेव्हा काढत होता जवळपास १ कोटी २० लाख. मी सरळ वजाबाकी केली, ९५ लाख, आणि स्लाइडवर ठोकून दिलं. साहेब काही बोलले नाहीत. प्रिंटआउटवर पेन्सिलीने ‘८५’ लिहून कागद परत सरकवला.

कपात चालू उत्पादनातून नव्हतीच! बाकीच्या देशांसाठी ऑक्टोबर २०१८ चं उत्पादन धरलं होतं. सौदी आणि रशियासाठी सरसकट १ कोटी १० लाख. त्यातून २५ लाख गेले की ८५. हे ओपेक प्लसच्या मूळ निवेदनात चक्क एका वाक्यात लिहिलेलं आहे. मी निवेदन उघडलंच नव्हतं, बातम्यांवर भागवलं होतं. पाच मिनिटांत ओपेक समजावणारे व्हिडिओ तर बघूच नका.

घरी रडगाणं गायले तर आई म्हणाली, “लक्ष्मी रोडला ‘५० टक्के सूट’ची पाटी बघून साडी घेतेस का? आधी मूळ किंमत बघतेस ना?” बस, कपात ज्या आकड्यातून मोजतात ती बेसलाइन म्हणजे हीच मूळ किंमत. ती जितकी फुगवून घ्याल तितकी कपात कागदावरच राहते. म्हणून खरी भांडणं तिथे होतात. जुलै २०२१ मध्ये अमिरातीने याच मुद्द्यावर बैठक अडवून धरली आणि आपली बेसलाइन ३१.६८ लाखांवरून ३५ लाख करून घेतली, मे २०२२ पासून लागू. आंतरराष्ट्रीय कॉफी करारातले निर्यातीचे कोटे जुलै १९८९ मध्ये मोडले, त्यामागेही कुणाचा वाटा किती हा वाद होताच.

घाबरू नका, ही निवेदनं दोन-तीन पानांचीच असतात. चहा निवायच्या आत वाचून होतात. मार्गदर्शकाच्या मागे वर्षभर फिरण्यापेक्षा ती वाचा. माझ्या मार्गदर्शकांनी स्वतःच ती वाचली नव्हती.

आणि कपातीतून वगळलेले देश वेगळे काढा. इराण, व्हेनेझुएला, लिबिया त्या कपातीत नव्हते. दुसऱ्या मसुद्यात मी त्यांनाही बेरजेत धरलं होतं. पेन्सिल पुन्हा निघाली.