गणेशवेल: बी घासल्याशिवाय पेरू नका

गणपतीत कुंपणावर लाल चांदण्या हव्या असतील, तर गणेशवेलाचं बी जूनच्या सुरुवातीलाच मातीत जायला हवं. पेरल्यापासून फुलं यायला दोन-अडीच महिने लागतात.

भरपूर ऊन, बारा इंची कुंडी, निचऱ्याची माती. एवढं पुरे.

खरी अडचण बियांची. काळपट, तांदळाच्या दाण्याएवढं बी, पण कवच इतकं टणक की पाणी आत शिरतच नाही. ‘रात्रभर भिजवा आणि पेरा’ हा सल्ला मी दोन पावसाळे पाळला. वीस बियांतल्या तीन उगवल्या, त्याही पंधरा दिवसांनी. नुसतं भिजवून भागत नाही, आधी कवच घासावं लागतं.

बारीक पॉलिश पेपर घ्या, बी चिमटीत धरून त्यावर तीन-चारदा ओढा. बोंडात बी जिथे चिकटलेलं असतं तिथे बारीकशी खूण दिसते. ती बाजू अजिबात घासू नका, कोंब तिथूनच फुटतो. काळ्या कवचाखाली फिकट ठिपका दिसला की हात थांबवा. त्यापुढे घासलंत तर आतला गर दुखावतो आणि बी मातीत कुजतं. मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी टम्म फुगलेल्या बियाच पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासून पुन्हा भिजवा. उकळतं पाणी ओतायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. मी एकदा ओतलं आणि वर्षभर जपलेलं सगळं बी शिजून गेलं.

अर्धा इंच खोल, थेट कायमच्या कुंडीत पेरा. रोप हलवलेलं या वेलाला सोसत नाही. पहिली दोन पानं कोतवाल पक्ष्याच्या शेपटीसारखी दुभंगलेली असतात, तण समजून उपटू नका. पिसासारखी पानं त्यानंतर येतात.

आधाराला सुतळी बांधा, जाड पाइपाला वेल नीट विळखा घालू शकत नाही. शेणखत सुरुवातीला एकदाच. युरिया टाकलात तर नुसता पाला माजतो.

फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, तेव्हा फुलांतला मध प्यायला येणारा शिंजीर हा चिमुकला पक्षी बघायचा असेल तर सकाळीच बघा. बोंडं वाळून तपकिरी झाली की फुटायच्या आत काढून घ्या आणि बिया लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, त्या पोटात जाणं बरं नाही. गळून पडलेलं बी पुढच्या पावसात आपोआप उगवतं, ती जास्तीची रोपं लहान असतानाच काढून टाका.