नवीन इंडी रिलीज ऐकायचे कसे: रेट्रो सोल, सिंथ-पंक आणि जरा वेगळं फोक

२०१५ पासून जगभर नवीन अल्बम शुक्रवारी येतात, त्यामुळे त्या दिवशी नुसता ढीग पडतो आणि आपण ॲपची तयार प्लेलिस्ट लावून मोकळे होतो. मग सोलचं गाणं संपतंय न संपतंय तोच सिंथ-पंक अंगावर येतं, मागून फोक, आणि संध्याकाळी विचाराल तर एकही नाव आठवत नाही. माझं ऐका, प्लेलिस्ट सोडा आणि लेबल, म्हणजे अल्बम काढणारी छोटी स्वतंत्र कंपनी, पकडा.

बँडकॅम्प ही कलाकारांचं संगीत थेट विकत घ्यायची साइट आहे, तिथे अकाउंट काढा, आवडलेल्या लेबलला फॉलो करा, नवीन काही आलं की मेल येतो. बरेचसे अल्बम आधी पूर्ण ऐकता येतात. आवडला तर विकत घ्याच, कारण सरासरी ८२ टक्के पैसे कलाकाराला किंवा त्याच्या लेबलला मिळतात, आणि २०२० पासून जे बँडकॅम्प फ्रायडे होतात त्या दिवशी तर साइट स्वतःचा वाटाही सोडते.

सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं मनापासून गायलेलं संगीत, त्यासाठी ब्रुकलिनचं डॅप्टोन आणि ओहायोचं कोलमाइन, या दोन लेबलांपासून सुरू करा. गायकाकडे नंतर जा, आधी ड्रम ऐका. स्नेअरवर, म्हणजे झणझणणाऱ्या छोट्या ड्रमवर, कापड टाकून आवाज दाबलेला असतो, म्हणून तो झणझणत नाही, कोरडा थप्प असा पडतो आणि बेस त्याला चिकटून चालतो. पण नुसता जुना साउंड आणला म्हणून सोल होत नाही हां. सोल गायक चार्ल्स ब्रॅडलीचा पहिला अल्बम २०११ मध्ये आला तेव्हा त्याचं वय ६२ होतं, आणि ते सगळं आयुष्य त्याच्या आवाजात ऐकू येतं. नवीन गायकात मी तेच शोधते.

सिंथ-पंक म्हणजे गिटारऐवजी सिंथेसायझरवर वाजवलेलं चिडकं पंक, त्याला फार तयारी नको. १९७७ चा सुइसाइड या बँडचा पहिला अल्बम एकदा ऐका, दोनच माणसं, गिटार नाही, एक गातोय आणि दुसरा कीबोर्ड आणि ड्रम मशीन सांभाळतोय, तरी अंगावर काटा येतो. ते कानात बसलं की नवीन बँड खरा चिडलाय की नुसता गोंगाट करतोय हे लगेच कळतं. आवाज मोठा ठेवा, आणि लांबलचक अल्बमपेक्षा ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम, घ्या.

फोकला मात्र वेळ द्या, खरा खजिना इथेच आहे. डब्लिनचा लँकम हा बँड ऐका, जुनं पारंपरिक गाणं घेतात आणि इतकं ताणतात की खाली हार्मोनियम, पाइप्स यांचा एकच सूर तानपुऱ्यासारखा धरलेला राहतो, हळूहळू जाड होतो, गढूळ होतो, आणि वरची चाल साधीच असते पण त्या सुरामुळे भीती वाटायला लागते. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटेल, तिथेच लोक स्किप करतात, तुम्ही करू नका. हेडफोन लावा, रात्री ऐका, फोन पालथा ठेवा.

आणि पहिल्या आठवड्यात कशालाही नापास करू नका. फोक गायिका वॅश्टी बन्यनचा पहिला अल्बम १९७० मध्ये आला तेव्हा जेमतेम खपला, २००० मध्ये परत काढला तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतला आणि दुसरा अल्बम आला थेट २००५ मध्ये. म्हणून मी न आवडलेले अल्बमसुद्धा विशलिस्टमध्ये टाकून ठेवते आणि महिन्याने परत लावते, तेव्हाही सुरुवात तिसऱ्या-चौथ्या गाण्यापासून, कारण पहिलं गाणं एव्हाना ऐकून झालेलं असतं.