पेनल्टी टर्न घेताना या चुका टाळा

नेरूळला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसाळाभर फरशीवर खडूचा एक मोठा बाण असतो. तो बाण म्हणजे वारा. ऑप्टिमिस्ट, म्हणजे मुलांची छोटी शिडाची होडी, चालवायला शिकणारी मुलं टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) म्हणून झाडू धरतात आणि त्या बाणावर गोल फिरतात. तोंड वाऱ्यावरून गेलं की ‘टॅक’ आणि पाठ वाऱ्यावरून गेली की ‘जाइब’, असं मोठ्याने म्हणायचं. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत नियम मोडला की पेनल्टी म्हणून होडी पूर्ण गोल फिरवायची असते; तो एक गोल म्हणजे एक टर्न. पाण्यावर पेनल्टी चुकते ती बहुतेक वेळा मोजणीत, म्हणून हा खटाटोप.

खरं तर मोजणीच्याही आधी एक चूक होते, आणि ती सगळ्यांत महाग पडते: वाद घालणं. डावीकडून वारा घेणाऱ्या, म्हणजे पोर्टवरच्या होडीने उजवीकडून वारा घेणाऱ्या, म्हणजे स्टारबोर्डवरच्या होडीला वाट द्यायची असते. ती दिली नाही, समोरच्याने ‘प्रोटेस्ट’ म्हणून हाक दिली, की आपला मुलगा मागे वळून समजावायला लागतो, ‘अरे, जागा होती ना!’ तोवर होडी पुढे जात असते. शर्यतीच्या नियमांमधला नियम ४४ सांगतो की घटनेनंतर शक्य तितक्या लवकर इतर होड्यांपासून पुरेसं बाजूला व्हा आणि लगेच टर्न घ्या. पुढच्या बोयापाशी (शर्यतीचा मार्ग दाखवणारी तरंगती खूण) निवांतपणे घेतलेले टर्न धरले जात नाहीत. माझ्या एका विद्यार्थिनीने ते अगदी सुबक घेतले होते, तरी ती बाद झाली. चूक आपली असेल असं वाटलं, तर टर्न घेऊन मोकळं व्हावं, हे मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो.

आता मोजणी. दुसऱ्या होडीशी संबंधित नियम मोडला तर दोन टर्न, नुसता बोया लागला तर एक. एकाच घटनेत दोन्ही झालं तर दोनच टर्न पुरतात, तीन लागत नाहीत. आयोजकांच्या सूचनांमध्ये यात बदल असू शकतो, तो सकाळीच वाचून ठेवावा. प्रत्येक टर्नमध्ये एक टॅक आणि एक जाइब हवा. दोन्ही टर्न एकाच दिशेने आणि सलग घ्यायचे. एक उजवीकडून, दुसरा डावीकडून असं चालत नाही.

वाऱ्यावर चढत, म्हणजे वारा येतो त्या बाजूला जात असाल तर आधी टॅक घ्या, कारण वेग हाताशी असतो. मग क्रम असा: टॅक, जाइब, टॅक, जाइब. मुलं हमखास चुकतात ती दुसऱ्या टॅकनंतर. दोनदा वाऱ्यावरून तोंड फिरलं म्हणजे झालं असं वाटतं आणि ती शीड ओढून निघतात. शेवटचा जाइब राहिलेला असतो! म्हणून गोल मोजू नका, टॅक आणि जाइब मोजा. वाऱ्याबरोबर जात असाल तर सुरुवात जाइबने करा.

होडी मध्येच अडली तर आधी मेनशीट, म्हणजे शीड ओढायची-सोडायची दोरी, बघा. वाऱ्यापासून खाली वळताना शीट सोडली नाही तर होडी कलते आणि वळायला तयार होत नाही. वर, म्हणजे वाऱ्याकडे, वळताना ती ओढून घ्यायची. टिलर एकदम टोकाला ढकलला की सुकाणूचाच ब्रेक होतो, त्यामुळे अंगाचं वजन वापरा: वर जाताना होडी शिडाच्या बाजूला थोडी कलू द्या, खाली येताना आपल्या बाजूला.

टर्न घेताना तुम्ही स्टारबोर्डवर असलात तरी हक्क तुमचा नाही. पेनल्टी घेणाऱ्याने इतरांना वाट द्यायची असते.

आपल्याकडे भरती-ओहोटीचा विसर पडून चालत नाही. वाशीच्या सागर विहारला उभं राहून पुलाच्या खांबांभोवतीचं पाणी पाहिलंत तर ओढ किती असते ते कळेल. बोयाच्या वरच्या अंगाला, प्रवाह बोयाकडे जात असताना टर्न घेतला, तर पाणी तुम्हाला पुन्हा त्याच बोयावर आणून आपटतं. प्रवाह बोयापासून दूर नेईल त्या बाजूला जा.

तयारीचा झेंडा लागल्यापासून तुम्ही शर्यतीतच असता. सुरुवातीच्या आधी चूक झाली तर टर्नही तेव्हाच घ्या, शिट्टीची वाट पाहू नका. वेग मिळवायला अंगाने होडी हलवल्याबद्दल पंचाने पिवळा झेंडा दाखवला तरी पहिल्या वेळी दोन टर्न. मात्र कुणाला दुखापत झाली किंवा होडीचं गंभीर नुकसान झालं, तर टर्नने भागत नाही. शर्यत सोडावीच लागते.

शेवटच्या रेषेवर तर पालकही गोंधळतात. रेषा ओलांडताना तिथला बोया लागला, मुलाने पुढे जाऊन एक टर्न घेतला आणि तो किनाऱ्याकडे वळला, तर त्याची शर्यत पूर्ण झालेली नसते. पेनल्टी घेतल्यावर होडीचा सगळा सांगाडा रेषेच्या शर्यतीकडच्या बाजूला परत आणायचा आणि मग रेषा पुन्हा ओलांडायची.