लेकराच्या होडीची तयारी

प्लाय आणायला निघण्याआधी पाणी बघून या. शेततळं घराजवळ असतं, म्हणून आधी तेच सुचतं; पण तेच नको. प्लास्टिकच्या उतारावर शेवाळ धरलं की पडलेल्या गड्यालाही वर येता येत नाही, लेकराचं तर बोलायलाच नको. धरणाचा काठ मिळाला तर मुरमाड बाजू शोधा. माजलगाव असो की येलदरी, पाणी ओसरलं की काळ्या मातीचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि पाय ठेवला की गुडघाभर आत ओढतो. काठी घेऊन स्वतः उतरा, कंबरेइतक्या पाण्यापर्यंत तळ टणक आहे का ते चाचपा. उतरायची परवानगी लागते का, तेही तिथंच विचारून घ्या.

मग आठ बाय चारचा, 6 मिलिमीटरचा मरीन प्लाय. शिक्का आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा हवा. 303 चा घरातल्या कपाटाला ठीक. नुसत्या शिक्क्यावर मात्र जाऊ नका. दुकानातून एक तुकडा मागून आणा आणि जुन्या पातेल्यात चार तास उकळा; थर सुटले तर दुकान बदला. एका शीटमध्ये 26 इंची तळ आणि दहा-दहा इंचांच्या दोन बाजू बसतात. पुढची-मागची फळी आणि बाक यांना आणखी अर्धी शीट लागते. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं; अशा आपल्या मराठवाड्यात होडी म्हटल्यावर सुतार हसणारच. आमचाही हसला, पण कापून दिलं मापात.

फळ्या खिळ्यांनी ठोकायच्या नाहीत, शिवायच्या. वीत-वीतभर अंतरावर बारीक भोकं पाडा आणि मोटर वाइंडिंगवाल्याकडची तांब्याची तार ओवून पीळ द्या. सांध्यांवर इपॉक्सीनं, म्हणजे राळ आणि हार्डनर कालवून होणाऱ्या चिकट लेपानं, बसवायला फायबरचं विणलेलं कापड मागा. स्वस्त म्हणून मॅट, म्हणजे न विणलेली तुटक्या धाग्यांची चादर, गळ्यात मारतील. इपॉक्सीत ती नीट भिजत नाही.

इपॉक्सी उन्हाळ्यात दगा देते. मी मे महिन्यात दुपारी अर्धा लिटर एकदम कालवली. पाच मिनिटांत डबा हाताला चटका द्यायला लागला, धूर निघाला आणि आत दगड तयार. तेव्हा पहाटे सहाला बसा, चहाच्या कपाएवढीच कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. लवकर सुकावी म्हणून हार्डनर वाढवू नका. बाटलीवरचं प्रमाण म्हणजे प्रमाण. सांध्यात भरायला पॉलिश पेपरनं घासून निघालेली लाकडाची पिठासारखी भुकटी मिसळा. ती मैद्याच्या चाळणीनं चाळली तर चाळणी परत स्वयंपाकघरात नेऊ नका. हातमोजे आणि मास्क लागतातच. शेवटी ऑइलपेंट मारा, कारण उघडी इपॉक्सी उन्हानं खराब होते.

दोन्ही टोकांना थर्माकोल घट्ट बसवा. लिटरभर जागेमागं साधारण किलोभर वजन तरतं, त्या हिशेबानं तीसेक लिटर तरी असू द्या. लाइफ जॅकेट लेकराच्या वजनाचं, मांड्यांमधून पट्टा असलेलं घ्या. मोठ्या माणसाचं डोक्यावरून निसटतं.

पहिल्या दिवशी लेकरू काठावरच राहील. त्याच्या वजनाइतकी वाळूची गोणी बाकावर ठेवा, दोरी धरून होडी अर्धा तास पाण्यात सोडा. मग गोणी काढा आणि तळाच्या सांध्यावरून कोरडं बोट फिरवा.