वैद्यकीय संज्ञा ग्रीक-लॅटिन मुळांवरून शिकताना या चुका टाळा

मराठी माध्यमातून वैद्यकीय किंवा नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला आलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी विषयापेक्षा शब्दांचीच धास्ती अधिक वाटते. ग्रीक आणि लॅटिन मुळे समजली की ही धास्ती पुष्कळ ओसरते. मात्र मुळे चुकीच्या रीतीने शिकल्यास घोकंपट्टी करणाऱ्यापेक्षाही मोठी गफलत होते, कारण असा विद्यार्थी आत्मविश्वासाने चुकतो.

मुळाचा अर्थ म्हणजेच व्याख्या, असे धरून चालणे ही सर्वांत मोठी चूक. ‘ॲनिमिया’चा शब्दशः अर्थ रक्ताचा अभाव असा होतो, प्रत्यक्षात रुग्णाच्या शरीरात रक्त असते, त्यातील हिमोग्लोबिन कमी झालेले असते. ‘मलेरिया’ हा इटालियन शब्द ‘दूषित हवा’ या अर्थाचा आहे आणि १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या शरीरात या रोगाचा परजीवी सापडल्यानंतरही तेच नाव चालू राहिले. नाव देणाऱ्याची त्या काळी काय समजूत होती, एवढेच मूळ सांगते. त्यामुळे मुळावरून अंदाज बांधावा आणि व्याख्या पाठ्यपुस्तकातून पडताळून घ्यावी. ‘आयटिस’ या प्रत्ययाबाबत तर हे फारच आवश्यक आहे. त्याचा अर्थ दाह असा आहे, जंतुसंसर्ग असा नाही. संधिवाताच्या एका प्रकारात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर उलटलेली असते.

संस्कृतशी असलेले नाते ही आपली मोठी जमेची बाजू आहे आणि शिक्षक ती पुरेशी वापरत नाहीत, याची मला खंत वाटते. ‘हायपर’ म्हणजे आपले ‘उपरि’, ‘हायपो’ म्हणजे ‘उप’ आणि ‘पेरि’ म्हणजे ‘परि’. हे भाषिक नाते खरे आहे. रक्तातील साखर वाढली की हायपरग्लायसेमिया आणि घटली की हायपोग्लायसेमिया, हे ‘उपरि’ आठवल्यास विसरणे कठीण आहे. नकारार्थी उपसर्गाचा नियमही तोच आहे, व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’: ‘अयोग्य’ पण ‘अनावश्यक’, तसेच ‘ॲप्निया’ (श्वास थांबणे) पण ‘अनॉक्सिया’ (ऑक्सिजनचा अभाव). तथापि ध्वनिसाम्य दिसले की नाते जोडून मोकळे होऊ नये. ‘पेड’ ऐकताच आपल्याला ‘पाद’ आठवतो आणि लॅटिन शब्दांत तो बरोबरही असतो, पण ‘पीडियाट्रिक्स’मधील मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ मूल असा आहे. ‘ऑर्थोपेडिक्स’चा पायाशी संबंध आहे असे अनेकांना वाटते, १७४१ मध्ये हा शब्द रूढ करणारे फ्रेंच वैद्य निकोलस आंद्री यांच्या मनात मात्र मुलांचे व्यंग सरळ करणे हा अर्थ होता.

देवनागरीत टिपणे काढण्यात गैर काहीच नाही, पण एक धोका ओळखून असावे. एका विद्यार्थिनीच्या वहीत लहान आतड्याच्या शेवटच्या भागापुढे ‘इलियम’ लिहिलेले होते आणि पुढच्याच पानावर कटीच्या हाडापुढेही ‘इलियम’च लिहिलेले होते. दोन्ही नोंदी बरोबर होत्या. रोमन लिपीत आतड्याच्या शब्दात मधले अक्षर ‘ई’ असते आणि हाडाच्या शब्दात ‘आय’, तो फरक देवनागरीत पुसला गेला होता. उजळणी करताना तिने दोन्ही नोंदी एकाच अवयवाच्या समजून जोडून टाकल्या. अशा जोड्यांपुढे रोमन स्पेलिंग लिहावेच, शिवाय विशेषणही लिहावे: आतड्यासाठी ‘इलियल’, हाडासाठी ‘इलियक’. उच्चारातच फरक पडल्यामुळे गोंधळाला जागा उरत नाही.

एकाच अवयवाला दोन मुळे असतात, हेही ध्यानात ठेवावे: मूत्रपिंडासाठी ग्रीक ‘नेफ्र’ आणि लॅटिन ‘रीन’.

शेवटी, लांब संज्ञा डावीकडून वाचत जाण्याऐवजी आधी तिचा प्रत्यय पाहावा. ‘टॉमी’ म्हणजे छेद, ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणे आणि ‘ऑस्टॉमी’ म्हणजे नवे तोंड तयार करणे. कोलेक्टॉमीत मोठे आतडे किंवा त्याचा भाग काढला जातो, तर कोलोस्टॉमीत आतड्याचे तोंड पोटाच्या त्वचेवर उघडले जाते.