जीनोम-द्विगुणनाच्या अभ्यासात उतरताना

पृष्ठवंशी प्राण्यांच्या पूर्वजांमध्ये अख्खा जीनोम (पेशीतला सगळा जनुकीय संच) दोनदा दुप्पट झाला, म्हणजे एकाच्या चार प्रती झाल्या, या विषयात काम करू पाहणारे विद्यार्थी हमखास विचारतात, "सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. एन्सेम्बल ब्राउझर (जीनोम पाहण्याचं संकेतस्थळ) उघडा, माणसाची 2, 7, 12 आणि 17 ही चार गुणसूत्रं घ्या आणि कागदावर तक्ता आखा.

या चौघांवर हॉक्स जनुकांचा (भ्रूणात शरीराचा पुढून-मागे आराखडा ठरवणाऱ्या जनुकांचा) एकेक समूह बसलेला आहे. ए समूह 7 वर, बी 17 वर, सी 12 वर आणि डी 2 वर, मिळून 39 जनुकं. पृष्ठवंशीयांचा नातलग, पण पाठीचा कणा नसलेल्या अँफिऑक्सस या छोट्या समुद्री प्राण्यात मात्र एकच समूह. इथपर्यंत कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. आता शेजारपाजार बघा, पेशीबाहेरचे वाढीचे संकेत टिपणाऱ्या ग्राहकांची जनुकं शोधा. 7 वर ईजीएफआर, 17 वर ईआरबीबी2 (स्तनाच्या कर्करोगात एचईआर2 म्हणून तपासतात तेच), 12 वर ईआरबीबी3 आणि 2 वर ईआरबीबी4. हॉक्सपेक्षा अगदी वेगळं काम करणारं हे कुटुंब, तरी त्याच चार गुणसूत्रांवर प्रत्येकी एक! जनुकं सुटी सुटी दुप्पट झाली असती, तर कुटुंबामागून कुटुंबात हाच नमुना दिसला नसता. पुढे डीएलएक्स हे जनुक-नियमन करणारं कुटुंब शोधा. 2, 7 आणि 17 वर जोड्या मिळतील, 12 वर काहीच नाही. तो रिकामा रकाना तसाच ठेवा, तोही पुरावाच आहे. द्विगुणनानंतर बहुतेक जादा प्रती गळून गेल्या. चारही टिकणं हाच अपवाद.

नवीन माणूस थेट जनुकांच्या अनुक्रमांवरून वंशवृक्ष काढायला बसतो. वृक्ष लागतातच, पण नुसत्या वृक्षावर विसंबू नका. घटना साधारण 50 कोटी वर्षांपूर्वीच्या, त्यामुळे एका जनुकाच्या अनुक्रमात उरलेली खूण फार पुसट असते आणि फांद्यांचा क्रम डळमळतो. शेजारी जनुकांची साथ जास्त टिकते. जनुकशास्त्रज्ञ सुसुमू ओहनो यांनी 1970 मध्ये द्विगुणनाची कल्पना मांडली तेव्हा जीनोमचे अनुक्रम कुणाच्याच हाती नव्हते. 2005 मध्ये माणसाच्या जीनोममध्ये चौपट नमुना दाखवला गेला, आणि 2008 मध्ये अँफिऑक्ससच्या जीनोमशी ताडून पाहिल्यावर पूर्वजाचे 17 गुणसूत्र-गट मांडता आले. त्या कामांचा कणा म्हणजे जनुकांच्या जागा.

तुलनेसाठी प्राणी निवडताना घाई नको. झेब्राफिश सोयीचा, पण टीलिओस्ट माशांच्या (आजचे बहुतेक हाडांचे मासे, झेब्राफिशही त्यातलाच) पूर्वजात आणखी एक द्विगुणन झालं आहे. त्याच्याकडे हॉक्सचे 7 समूह आहेत. त्यापेक्षा स्पॉटेड गार घ्या, हा मासा त्या घटनेच्या आधीच वेगळा झाला. लँप्रे या जबडा नसलेल्या माशाबाबत तर दुप्पट सावध राहा. भ्रूणावस्थेत त्याच्या शरीरपेशी जीनोमचा काही भाग टाकून देतात, म्हणून जननपेशींपासून तयार केलेला जीनोमच वापरा. 2024 मध्ये त्याचा बिनजबड्याचा नातलग हॅगफिश याचे जीनोम आल्यावर चित्र बरंच स्पष्ट झालं: पहिलं द्विगुणन सगळ्या पृष्ठवंशीयांचं सामायिक, दुसरं फक्त जबडेवाल्यांच्या शाखेत, आणि लँप्रे-हॅगफिशच्या शाखेत स्वतंत्र तिप्पट वाढ. जुने लेख वाचताना हे ध्यानात असू द्या.

कुठल्या प्रती टिकल्या, हा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रश्न. संकेतवहन आणि जनुक-नियमन करणारी जनुकं जास्त टिकली, कारण ज्या प्रथिनांचं एकमेकांशी प्रमाण जुळावं लागतं त्यातलं एकच कमी झालं तर घडी विस्कटते. शिवाय काही जुळ्यांनी काम वाटून घेतलं. झेब्राफिशमध्ये इंग्रेल्ड-1 या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक छातीच्या पराच्या अंकुरात चालू होते, दुसरी पश्चमस्तिष्क आणि मेरुरज्जूत. उंदरात दोन्हीकडे एकच जनुक पुरतं. ही उदाहरणं स्वतः उघडून पाहा.

कमांड लाइन, पायथन, मॅफ्ट (अनुक्रम एकमेकांशी जुळवून मांडणारं सॉफ्टवेअर) आणि आयक्यू-ट्री (वंशवृक्ष काढणारं) यांची ओळख करून घ्याच. पहिल्या प्रकल्पाला लहान कुटुंब निवडा. आणि एखादी प्रत हरवली असं लिहिण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंची जनुकं त्या जीनोममध्ये सलग आहेत का, हे पाहा. तिथे अनुक्रमाच्या तुकड्यांच्या जोडणीतच खिंडार असेल, तर जवळच्या दुसऱ्या प्रजातीत तीच जागा तपासा आणि मगच रकाना रिकामा म्हणून नोंदवा.